अद्भुतरम्य कादंबरीतली माणसं: मुख्य पात्रांचा स्वभाव पायरीपायरीने कसा घडवावा

अद्भुतरम्य कादंबरी लिहायला बसलेला माणूस बहुतेक वेळा आधी नकाशा काढतो. डोंगर, नद्या, राज्यं, घराणी, मंत्रांचे प्रकार, तलवारींची नावं यांनी वही भरते आणि मग पात्रांची पाळी येते. तिथे मात्र प्रत्येक नावापुढे तीन-चार विशेषणं लिहून काम उरकलं जातं: शूर, हट्टी, दयाळू, जरासा तापट. सुरुवातीच्या प्रकरणांत ही विशेषणं पुरतात. पुढे गोष्ट अडते, कारण ‘शूर’ या शब्दातून नायक आता काय करेल हे कळत नाही. शूर माणूस लढेलही आणि लढणं टाळण्याचं धैर्यही दाखवेल.

स्वभाव कळतो तो माणूस पेचात सापडल्यावर. दोन्ही वाटा महाग असताना तो कुठली धरतो आणि त्यासाठी काय गमावायला तयार होतो, यावरून. अद्भुतकथा लिहिणाऱ्याला इथे मोठी सवलत आहे. असा पेच घडवणारी वस्तू, शाप किंवा जगाचा नियम त्याला स्वतःला रचता येतो. म्हणून जादू एका वहीत आणि माणसं दुसऱ्या वहीत, असं करू नये. दोन्ही एकत्रच घडवावं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

पायरी पहिली: जादूचा नियम म्हणजे पात्रांची कसोटी

याचा सर्वांत चांगला धडा टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये आहे. १९५४ ते १९५५ या काळात तीन खंडांत आलेली ही कादंबरी पुष्कळ मराठी वाचकांना निदान चित्रपटांमुळे तरी माहीत आहे. तिच्यातली अंगठी घालणाऱ्याला अदृश्य करते, पण तिचं खरं काम वेगळंच आहे. ज्याच्या जवळ ती येते, त्याच्या मनात सर्वांत खोल रुजलेली इच्छा ती हेरते आणि त्याच इच्छेच्या वाटेने आत शिरते.

आता एकेक पात्र बघा. ही शत्रूने घडवलेली अंगठी पुढे नष्ट करायला निघणारा फ्रोडो ती देऊ करतो, तेव्हा जादूगार गॅन्डाल्फ ती नुसती जपून ठेवायलाही तयार होत नाही. दुबळ्यांबद्दलची कणव आणि भलं करण्याची इच्छा, याच दारातून ती आपल्यात शिरेल, हे तो ओळखून आहे. बोरोमिर या योद्ध्याला आपलं शहर वाचवायचंय. शत्रूचं हत्यार शत्रूवरच का उगारू नये, हा त्याचा प्रश्न सरळ आहे आणि त्या सरळपणातच तो घसरतो. गॅलड्रिएल या अमर वंशातल्या स्त्रीला सम्राज्ञी होण्याचं स्वप्न दिसतं. ती ते पूर्ण बघते आणि मग नाकारते. फ्रोडोचा सोबती सॅम माळी आहे. त्याला शत्रूच्या मुलखातल्या उजाड गोर्गोरोथची बाग झालेली दिसते, आणि एका मोकळ्या माळ्याला पुरेल एवढी छोटी बागच आपल्याला हवी, या साध्या अकलेने तो सावरतो. वस्तू एकच, पण प्रत्येकाचं आमिष वेगळं आणि उत्तरही वेगळं. कोण कसा आहे हे लेखकाला वेगळं सांगावं लागत नाही.

आपल्या कादंबरीसाठी असाच एक नियम शोधा. शोधताना स्वतःला विचारा, की या नियमासमोर माझी चार पात्रं चार तऱ्हांनी वागतील का? सगळी सारखीच वागणार असतील तर नियम कितीही चमत्कारिक असो, तो शोभेचाच राहणार. हातातून ज्वाळा निघणं ही ताकद झाली. ज्वाळा काढणाऱ्याच्या घरातली चूल त्या दिवशी पेटत नाही, असं असेल तर ती कसोटी झाली.

पुढच्या पायऱ्यांसाठी एक मुलूख कल्पनेने उभा करू. घाटमाथ्यावरचा हा मुलूख, इथे दिलेला शब्द अंगावर उमटतो. वचन दिलं की मनगटावर काळी गाठ बसते, दिवसागणिक आवळत जाते, वचन पाळलं की सुटते. मोडलं तर तो हात कायमचा लुळा पडतो. या मुलखात तीन माणसं आहेत. सगुणा सुईण आहे. तिला कुणालाही नाही म्हणता येत नाही, त्यामुळे तिच्या दोन्ही मनगटांवर गाठींची दाटी. भानोजी गढीवरचा सरदार. त्याची मनगटं स्वच्छ, कारण तो फक्त ‘बघू’ म्हणतो आणि समोरच्याकडून मात्र शब्द घेतो. किसन नावाडी, त्याचा डावा हात लुळा. एकदा वचन मोडलेला माणूस म्हणून गाव त्याला ओवाळून टाकलेला समजतं. तो आता कुणाला शब्द देत नाही, पण मध्यरात्री हाक आली तरी नाव सोडतो. स्वभाव सांगणारं एकही विशेषण न वापरता तिघांची तोंडओळख झाली. हे काम नियमाने केलं.

पायरी दुसरी: तीन प्रश्न, त्यातला तिसरा महत्त्वाचा

प्रत्येक मुख्य पात्रासाठी एक कोरं पान घ्या आणि तीन प्रश्नांची उत्तरं पूर्ण वाक्यांत लिहा. याला काय हवंय? हा कशाला भितो? आणि काहीही झालं तरी कोणती गोष्ट हा करणार नाही?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना चटकन सुचतं: राज्य परत मिळवायचंय, बहिणीला सोडवायचंय, सूड घ्यायचाय. दुसऱ्यापाशी थांबावं लागतं. ‘मरणाला भितो’ हे उत्तर बाद धरा, कारण मरणाला सगळेच भितात. टॉल्किन यांच्या कादंबरीत अॅरागॉर्न राजघराण्यातल्या इओविनला विचारतो, तुला भीती कशाची वाटते? ती उत्तर देते, पिंजऱ्याची. मरणाची किंवा दुखण्याची भीती तिला नाही. दारं बंद होत जातील, वय होईल, आणि काही करून दाखवायची वेळ आणि इच्छा दोन्ही संपून जातील, ही तिची भीती. या एका उत्तरातून तिचं पुरुषवेशात रणांगणावर जाणं आणि पेलेनोरच्या मैदानात शत्रूचा सेनापती विच-किंग याच्यासमोर उभं राहणं सहज उलगडतं. राजकन्या म्हणजे नायकाला मिळणारं बक्षीस, असं अजूनही आपल्याकडच्या बऱ्याच नव्या लेखनात दिसतं. त्यावर हाच एक प्रश्न पुरेसा औषधी आहे. तिला भीती कशाची वाटते ते लिहा, आणि ती आपोआप चालू-बोलू लागेल.

सगुणाला कशाची भीती? एक दिवस कुणालाच आपली गरज उरणार नाही, याची. भानोजीला मिंधेपणाची. कुणाचे उपकार घेणं त्याला हार वाटते. किसनला भीती आहे ती पैलतीरावर कुणीतरी आपली वाट बघत बसेल आणि आपण पोचणार नाही, याची. मोडलेल्या वचनाची सगळी हकीकत त्या भीतीत दडलेली आहे. ती वाचकाला इतक्यात सांगायची नाही.

तिसऱ्या प्रश्नासाठी कर्णाकडे बघा. महाभारतातला कर्ण याचकाला विन्मुख पाठवणार नाही. सूर्य स्वप्नात येऊन सावध करतो, की ब्राह्मणाच्या वेशात इंद्र येईल आणि कवचकुंडलं मागेल. कर्णाला सगळं ठाऊक असतं. तरी तो देतो, बदल्यात इंद्राकडून अमोघ शक्ती मागून घेतो, आणि ती शक्तीही अखेर अर्जुनासाठी न उरता घटोत्कचावर खर्ची पडते. ‘कर्ण दानशूर होता’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो, पण अंगावरचं कवच कापून दिल्याचा प्रसंग नसता तर ते वाक्य कोरडंच राहिलं असतं. पात्राची अशी एक रेघ ठरवा आणि कादंबरीत कधीतरी त्याला त्या रेघेवर आणून उभं करा. ते रेघ ओलांडेल की नाही, हे लिहायच्या आधी तुम्हाला पक्कं माहीत नसलं तरी चालेल.

व्यक्तिमत्त्वाचे सोळा प्रकार सांगणाऱ्या तयार प्रश्नावल्या अनेक जण पात्रांसाठी भरतात. सुचत नसताना हात चालता राहावा म्हणून त्या ठीक आहेत. त्यातून पात्राची वर्गवारी मिळते, पेच मिळत नाही.

पायरी तिसरी: गुण आणि दोष एकाच मुळातून काढा

नवा लेखक गुणांची एक यादी करतो आणि पात्र फार आदर्श होऊ नये म्हणून शेजारी एखादा दोष चिकटवतो. शूर, प्रामाणिक, पण आळशी. हा आळस कथेत कुठेच उपयोगी पडत नाही, कारण त्याचं शौर्याशी काही नातं नाही. खरी माणसं अशी नसतात. त्यांचा दोष हा बहुधा त्यांच्या गुणाचाच अतिरेक असतो, किंवा चुकीच्या जागी वापरलेला तोच गुण.

बोरोमिरची मायभूमीवरची माया खरी आहे. त्या मायेपोटीच तो आमोन हेनच्या डोंगरावर फ्रोडोकडून अंगठी हिसकावू बघतो, आणि त्याच मायेतली रक्षणकर्त्याची वृत्ती थोड्या वेळाने मेरी आणि पिप्पिन या सोबत्यांना वाचवताना त्याला मरण देते. मरताना तो अॅरागॉर्नपाशी आपला गुन्हा कबूल करतो. पडला तो त्याच गुणामुळे, उठला तोही त्याच गुणामुळे. म्हणून तो खलपुरुष वाटत नाही. वाचून संपल्यावरही त्याचं वाईट वाटत राहतं.

उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या १९६८ च्या कादंबरीतला गेड शेळ्या राखणारा पोर. अंगची विद्या मोठी आणि तिचा ताठाही मोठा. जॅस्पर नावाच्या सहाध्यायाने डिवचलं म्हणून तो मेलेल्या स्त्रीचा आत्मा बोलावतो आणि त्या फटीतून एक काळी छाया जगात येते. पुढची सगळी कादंबरी म्हणजे त्या छायेने गेडचा आणि मग गेडने छायेचा केलेला पाठलाग. स्वभावदोष काढून टाकला तर कथानकच उरत नाही. इतकी घट्ट वीण जमली पाहिजे.

आपल्याकडचं उदाहरण तर घराघरांत माहीत आहे. वेताळाची अट अशी, की राजाने मौन मोडलं तर वेताळ परत झाडावर जाणार. पण कोड्याचं उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प बसला तर डोक्याची शकलं होणार. राजाची न्यायबुद्धी त्याला गप्प बसू देत नाही आणि त्याचा हट्ट त्याला परत झाडापाशी नेतो. शहाणपणामुळे डाव हरायचा आणि चिकाटीमुळे नवा मांडायचा, या दोन गुणांच्या ताणावर सगळी गोष्टमाला उभी आहे. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या ‘कथासरित्सागरा’त ती सविस्तर येते. शेवटच्या कोड्याला राजाला खरोखरच उत्तर सापडत नाही. तो निरुत्तर होऊन चालत राहतो आणि म्हणूनच सुटतो. अद्भुतकथा लिहिणाऱ्याने हा साचा पुन्हा पुन्हा उलगडून बघावा.

करायचं काय? पात्राचा सर्वांत मोठा गुण लिहा. त्याखाली दोन वाक्यं: हा गुण फार झाला तर काय होईल, आणि चुकीच्या माणसासाठी वापरला तर काय होईल. सगुणाचा गुण म्हणजे परोपकार. तो फार झाला की एकाच रात्री दोन बाळंतिणींना दिलेले शब्द एकमेकांच्या आड येतात. चुकीच्या माणसासाठी वापरला की भानोजी तिच्याकडून असं वचन घेतो, जे पाळलं तर किसनचा घात होईल. दोन वाक्यांतून दोन प्रकरणं मिळाली.

पायरी चौथी: पात्रं एकमेकांसमोर ठेवा

एकटं पात्र कितीही विचारपूर्वक रचलं तरी ते सपाट दिसतं. स्वभाव फरकातून उठून दिसतो, आणि तो फरक लहान असला तर जास्तच. बोरोमिर आणि फारामिर हे सख्खे भाऊ, एकाच बापाचे, एकाच शहरावर जीव असलेले. फारामिर मात्र आधीच म्हणून बसतो, की ती वस्तू रस्त्यात पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही. नंतर ती हाताशी आल्यावर तो आपल्या शब्दाला जागतो. दोघांत साम्य इतकं आहे, म्हणूनच हा एक फरक लख्ख दिसतो.

दुसरी जोडी फ्रोडो आणि गॉलमची. गॉलम म्हणजे पूर्वी अंगठी बाळगून तिच्यापायी वाया गेलेला जीव. सुरुवातीला फ्रोडो म्हणतो, अंगठी आपल्याआधी ज्याच्याकडे होती त्या बिल्बोने गॉलमला तेव्हाच मारायला हवं होतं. प्रत्यक्ष अंगठीचं ओझं वाहिल्यावर, गॉलम समोर आल्यावर, त्याला ते म्हणवत नाही. आपण काय होऊ शकतो हे त्याला गॉलममध्ये दिसतं. मुख्य पात्रासाठी असं एक माणूस रचावं, जे त्याच वाटेने आधी गेलं आणि हरलं.

एक कोष्टक आखा. आडव्या-उभ्या ओळींत मुख्य पात्रांची नावं, आणि प्रत्येक चौकोनात एकच वाक्य: याला त्याच्यात असं काय दिसतं, जे बाकी कुणाला दिसत नाही? भानोजी सगुणाकडे बघतो तेव्हा त्याला भोळी बाई दिसत नाही. कुणाचीही मिंधी व्हायला न घाबरणारी बाई दिसते, आणि त्याला तिचा हेवा वाटतो. हे वाक्य लिहिलं गेलं आणि सरदाराच्या जागी माणूस आला. चौकोन रिकामा राहिला तर ती दोन पात्रं एका प्रसंगात आणू नका, किंवा त्यांतलं एक कमी करा.

पायरी पाचवी: पहिली भेट

पहिल्या प्रवेशात वाचकाला वंशावळ नको असते. ब्रीच्या खानावळीत कोपऱ्यात एक मळकट कपड्यांतला माणूस चिलीम ओढत बसलेला असतो, त्याचं नाव स्ट्रायडर. तोच अॅरागॉर्न, आणि तो राजवंशातला आहे, हे पुढे कळतं. आधी कळतं ते हे, की तो सगळ्यांचं ऐकतो, कमी बोलतो, आणि लोकांनी आपल्यावर संशय घ्यावा याचं त्याला जरा दुःखही आहे. पूर्वीच्या मसुद्यांत हे पात्र ट्रॉटर नावाचा लाकडी पायताणं घालणारा हॉबिट, म्हणजे फ्रोडोच्याच बुटक्या जमातीतला, होतं. लिहिताना हा कोपऱ्यातला माणूस कोण हे आपल्यालाही ठाऊक नव्हतं, असं टॉल्किन यांनी नंतर एका पत्रात म्हटलं आहे. वंश आणि नाव बदललं, तो परका, सावध वावर टिकला. पात्राचा गाभा कुठे असतो ते यावरून दिसतं.

म्हणून पहिल्या प्रसंगात पात्राला काहीतरी साधं काम करताना दाखवा आणि त्या कामात त्याची सवय दिसू द्या. किसन नावेत बसणाऱ्याकडून पैसे आधी घेत नाही. पैलतीर लागल्यावर घेतो. कारण सांगत नाही.

पायरी सहावी: बोलणं

मराठीत अद्भुतकथा लिहिणाऱ्याला इथे सर्वांत जास्त मिळण्यासारखं आहे, आणि इथेच सर्वांत जास्त वाया जातं. मराठी कादंबरीच्या सुरुवातीच्या काळातला एक मोठा प्रवाहच अद्भुताचा होता. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. त्या काळच्या या कथांमधली जड, अलंकारिक भाषा त्यांच्या जागी शोभते. आज मात्र राजा, चोर, चेटकीण आणि बारा वर्षांचं पोर सगळेच ‘शिरसावंद्य’ आणि ‘तथास्तु’ करू लागले, की डोळे मिटून ऐकणाऱ्याला कोण बोलतंय ते कळत नाही.

प्रत्येक मुख्य पात्रासाठी चार गोष्टी ठरवा. ते कुणाला अरे-तुरे करतं आणि कुणाला अहो-जाहो. रागावल्यावर वाक्यं लांबतात की तुटतात. शपथ कशाची घेतं. आणि कोणता विषय निघाला की बोलणं फिरवतं. संबोधन बदलण्याची जागा तर फार जपून वापरा. आयुष्यभर ‘सरदार, तुम्ही’ म्हणणारी सगुणा एका रात्री भानोजीला ‘तू’ म्हणते, तर त्या एका शब्दानंतर लढाईची गरज नाही. बोली वापरायची तर ऐकून, सराव करून वापरा. मालवणी, वऱ्हाडी किंवा अहिराणी फक्त नोकर आणि विनोदी पात्रांच्या तोंडी घालण्याची जुनी खोड सोडून द्यावी. राज्याचा सर्वांत शहाणा माणूस अहिराणीत का बोलू नये?

पायरी सातवी: दोन चाचण्या

चार-पाच प्रकरणं झाली की थांबून तपासा. पहिली चाचणी: स्वभाव सांगणारी सगळी विशेषणं खोडून प्रकरण वाचा. माणूस तरीही ओळखू येत असेल तर ती विशेषणं परत आणू नका. दुसरी चाचणी: एका महत्त्वाच्या प्रसंगात दोन पात्रांची अदलाबदल करा. प्रसंग तसाच पार पडला, तर तो अजून कुणाचाच झालेला नाही. तो मोडून नव्याने लिहावा लागेल.

पायरी आठवी: बदल, आणि न झालेला बदल

मुख्य पात्र शेवटी सुधारलंच पाहिजे असा नियम नाही. अंगठी जिथल्या आगीत नष्ट करायची, त्या डूमच्या डोंगरापर्यंत फ्रोडो पोचतो आणि तिथे अंगठी टाकायला नकार देतो. ती आपली म्हणून घोषित करतो. इतक्या लांबच्या प्रवासानंतर नायक हरतो. काम पुरं होतं ते गॉलममुळे, आणि गॉलम तिथवर जिवंत असतो तो बिल्बोने, फ्रोडोने आणि अखेरीस सॅमनेही त्याला मारलं नाही म्हणून. फ्रोडोची ताकद संपली तेव्हा त्याने पूर्वी दाखवलेली दया उपयोगी पडली. शेवट स्वभावातून कसा यावा याचा याहून मोठा नमुना मला माहीत नाही.

त्याच कादंबरीत एक बदल होता होता राहतो. किरिथ उंगोलच्या खिंडीकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर फ्रोडो आणि सॅम झोपलेले असताना गॉलम हळूच फ्रोडोच्या गुडघ्याला हात लावतो. त्या क्षणी तो थकलेला, म्हातारा जीव दिसतो. सॅम जागा होतो, संशयाने खेकसतो, आणि तो क्षण कायमचा हातचा जातो. सॅमचा दोष इतकाच, की त्याची निष्ठा पहारेकऱ्याची आहे. तिसऱ्या पायरीवरचा नियम इथे पुन्हा लागू पडतो. एका भल्या माणसाच्या गुणामुळे दुसऱ्याची सुटका हुकते.

गेडचा शेवट वेगळा आहे. छायेला तो स्वतःचंच नाव देतो आणि ती त्याच्यात मिसळते. तिथे दोष नाहीसा होत नाही, मालकीचा होतो.

आपल्या पात्राचा शेवट ठरवताना पहिल्या पायरीवरच्या नियमाकडे परत जा. त्याच कसोटीसमोर पात्राला पुन्हा उभं करा, पण किंमत वाढवून. कुणाचाच मिंधा न झालेला भानोजी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी शब्द देतो का? दिला तर कुणाला? सगुणा पहिल्यांदा ‘नाही’ म्हणते, तेव्हा दारात कोण उभं असतं? किसनने एकच वचन दिलं आणि उरलेला हात पणाला लावला, तर नाव वल्हवणार कोण? ही उत्तरं लिहून काढा आणि मग मसुद्याच्या पहिल्या पानापासून मागोवा घ्या. शेवटच्या निवडीची चाहूल ज्या प्रकरणात कुठेच लागत नाही, तिथे एखादी सवय, एखादं अर्धवट वाक्य, एखादं टाळलेलं उत्तर पेरा. शेवटची निवड जिथे आधीच उघडी पडते, तिथून ती काढून टाका.